जमेची बाजू

व्यसनांची यादी करायला बसले तर माझ्या नावापुढे लिहिण्याजोगे फारसे काही सापडणार नाही. तंबाखू मी कधी खाल्ली नाही, पत्त्यांत मला गती नाही, आणि चहासुद्धा दिवसाकाठी दोनच कप. परंतु रोज रात्री दिवसभराचा जमाखर्च वहीत उतरवल्याखेरीज मला झोप म्हणून लागत नाही. १९६८ पासूनच्या वह्या आमच्या लोखंडी कपाटात ओळीने उभ्या आहेत. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की लग्नात सप्तपदी चालू असतानाही मी भटजींची दक्षिणा मनातल्या मनात मांडत होतो. हे साफ खोटे आहे. दक्षिणा माझ्या वडिलांनी दिली होती. ती माझ्या खात्यात येतच नव्हती. मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा, तिचे गणित पक्के व्हावे म्हणून, महिनाअखेरची बेरीज तपासण्याचे काम मी तिच्याकडे सोपवले. लग्न होऊन जाईपर्यंत तिने ते बिनतक्रार केले.

या माझ्या खोडीमुळेच पेठेतल्या तालमीने मला फुटबॉल संघाचा खजिनदार केले. बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवे, की आमच्या कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे. पेठेपेठेच्या तालमींचे फुटबॉलचे संघ असतात, आणि शाहू स्टेडियमवर दोन पेठांची गाठ पडली की सोनार तराजू तसाच टाकून मैदानाकडे धावतो. बावीस वर्षे मी ती खजिनदारी केली. वर्गणी, बूट, केळी-अंडी, मोडलेल्या गुडघ्याचे प्लास्टर, बाहेरून आणलेल्या खेळाडूची राहण्याजेवण्याची सोय! प्रेक्षकांना वाटते की संघ पायांवर चालतो. तो उधारीवर चालतो, हे फक्त खजिनदाराला ठाऊक असते. या बावीस वर्षांच्या हिशेबात बाईमाणसाचे नाव एकदाच आले आहे: जर्सी धुणाऱ्या मावशींचे.

२०२४ च्या ऑगस्टात आम्ही दोघे लंडनला मुलीकडे गेलो. नात तेव्हा चौदा वर्षांची. मागे पाहिली होती तेव्हा ती बाहुलीचे केस विंचरत होती. आता दारात पाऊल टाकतो तो चिखलाने लडबडलेले बूट आडवे आले. "कोणाचे गं हे?" मी विचारले. "माझे, आजोबा. मी उजव्या बगलेवर खेळते." हे तिने अशा थाटात सांगितले, की मी पेठेतल्या एखाद्या नामांकित खेळाडूशी बोलतो आहे की काय असे मला क्षणभर वाटले.

२२ सप्टेंबरला ती मला आर्सेनलच्या एमिरेट्स मैदानावर घेऊन गेली. सामना बायकांचा, मँचेस्टर सिटीविरुद्ध. खरे सांगतो, मी वर्तमानपत्र काखोटीला मारूनच गेलो होतो. बायकांच्या सामन्याला माणसे ती किती येणार, आणि तिथे दोन तास करायचे काय? पाहतो तो ४१ हजारांवर माणूस! त्याच मैदानावर फेब्रुवारीत साठ हजारांवर लोक आले होते, ही माहिती नातीने पुरवली. बापांच्या खांद्यांवर पोरी, आज्यांच्या गळ्यांत तांबडे रुमाल. सिटीकडून मिडेमा नावाच्या डच बाईने गोल केला. ही बाई त्याच उन्हाळ्यापर्यंत सात वर्षे आर्सेनलमध्येच होती. साऱ्या लीगमध्ये तिच्याइतके गोल कोणी केलेले नव्हते. करार संपला, क्लबने तो पुढे चालवला नाही, आणि आता ती समोरच्या बाजूने आली होती. शेवटी बेथ मीडने गोल करून दोन-दोन अशी बरोबरी साधली तेव्हा माझी शेजारीण, म्हणजे कोणी एक अनोळखी गोरी आजी, माझा हात धरून नाचली. वर्तमानपत्राची घडी मोडलीच नाही. परंतु सवय कुठे जाते? परतताना माझ्या मनात घोळत होते ते गेटच्या मिळकतीचे गणित.

पुढच्याच आठवड्यात पत्र आले. एका मोठ्या क्लबाच्या मुलींच्या अकादमीने नातीला सहा आठवड्यांच्या निवडचाचणीसाठी बोलावले होते. घरात दिवाळी व्हायची ती सुतक पडल्यासारखे झाले. जावई डॉक्टर आहेत. सज्जन माणूस, पण परीक्षा हा त्यांचा धर्म. "खेळू दे की, पण यात पुढे काय आहे?" एवढेच ते म्हणाले, आणि दर जेवणाला म्हणत राहिले. नात बोलायची बंद झाली. मुलगी दोघांच्या मधे. एका रात्री भांडी आवरता आवरता ती मला म्हणाली, "अण्णा, तुम्ही खजिनदार होतात ना? मग या लीगचा कारभार कसा चालतो ते तुम्हीच बघा, आणि हे टिकणारं आहे का ते मला सांगा."

निवृत्त माणसाला कोणी काम सांगितले की त्याचे वय दहा वर्षांनी उतरते. कोपऱ्यावरच्या वाचनालयात मी ठाण मांडले.

मी जुन्यापासून आरंभ केला, कारण जुनी खाती पाहिल्याशिवाय नवी कळत नाहीत. प्रेस्टन गावी डिक, कर नावाचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, मुली कारखान्यात आल्या आणि सुट्टीत फुटबॉल खेळू लागल्या. १९२० साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला ५३ हजार लोक आत होते आणि हजारो बाहेरून परत गेले. मिळकत गेली धर्मादायाला. आणि वर्षभराच्या आतच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला, की हा खेळ बायकांना मुळीच योग्य नाही. संलग्न क्लबांनी त्यांना आपली मैदाने देऊ नयेत.

येथवर मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते ठरावाच्या दुसऱ्या भागाचे. त्यात तक्रार होती हिशेबाची. मिळकतीतला फार मोठा हिस्सा खर्चात जातो, धर्मादायाला पुरेसा उरत नाही, असे त्या सभासदांचे म्हणणे. मी चष्मा काढून पुसला. अहो, हिशेब चुकला असेल तर पावत्या मागवाव्यात, तपासनीस नेमावा, खजिनदाराला खडसावावे. मैदानाला कुलूप घालतो कोण? आमच्या तालमीचा हिशेब एक वर्ष अकराशे रुपयांनी लागत नव्हता. म्हणून कोणी पोरांना खेळायचे बंद केले नाही. ज्याला 'नाही' म्हणायचेच असते तो वही काढतो. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. २००८ साली असोसिएशनने त्याबद्दल माफी मागितली; तोवर त्या मुलींपैकी माफी ऐकायला कोण उरले असणार! त्या दिवशी मी पुढे काही वाचले नाही. ओव्हरकोट घालून घरी आलो.

आजची लीग, म्हणजे विमेन्स सुपर लीग, सुरू झाली २०११ मध्ये, आठ संघांनिशी. तेव्हा बहुतेक मुली दिवसा नोकरी करीत आणि संध्याकाळी सराव. मग २०१८ च्या हंगामापासून असोसिएशनने परवान्याची पद्धत आणली. वरच्या लीगमध्ये राहायचे तर केवळ मैदानावर जिंकून भागणार नाही. खेळाडूंना पूर्ण वेळचा करार द्या, आठवड्याला किमान सोळा तास सराव दिवसाउजेडी द्या, मुलींची अकादमी चालवा, पैशाची हमी दाखवा. खजिनदार या नात्याने मला हा नियम बेहद्द आवडला. दिवसभर काउंटरवर उभी राहिलेली मुलगी रात्री काय धावणार?

परंतु नियम चांगला असला तरी तो पाळायला श्रीमंत पाठीराखा लागतो, आणि तो पाठीराखा बहुधा पुरुषांचा क्लब. संडरलँडच्या बायकांचा संघ वरच्या लीगमध्ये होता. लुसी ब्राँझ, जिल स्कॉट, स्टेफ हॉटन यांच्यासारख्या इंग्लंडच्या नामांकित खेळाडू त्या गावाने घडवल्या. पण त्या वर्षी तिथल्या पुरुषांचा संघ खाली घसरला, मालकी बदलू लागली, आणि बायकांच्या संघाला परवाना मिळाला नाही. तो एकदम तिसऱ्या पायरीवर जाऊन पडला. डॉनकॅस्टरची कथा तर ऐकवत नाही. फुटबॉलच्या मैदानावर लॉटरीची तिकिटे विकणाऱ्या पोरींनी १९६९ साली आपला संघ काढला, 'बेल्स' या नावाने. २०१३ साली हंगामाचा एकच सामना झाला होता, तो त्यांना कळवण्यात आले, की तुम्ही कितीही जिंका, पुढच्या वर्षी तुम्ही खालच्या लीगमध्ये. वरची जागा मँचेस्टर सिटीच्या नव्या संघाला हवी होती. पाच वर्षांनी त्या पोरींनी खालची लीग जिंकली, आणि त्याच उन्हाळ्यात पैशाअभावी आपली जागा सोडून दिली. ढाल घरी आली आणि घर गेले! नॉट्स काउंटीच्या मुलींना तर २०१७ च्या एप्रिलमध्ये, हंगामाला दोन दिवस उरले असताना, संघ बंद झाल्याचे सांगितले गेले. पगार गेला आणि डोक्यावरचे छप्परही.

रात्री हे सारे मी सौभाग्यवतींना सांगितले. त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "यात नवीन काय? नवऱ्याचा धंदा बसला की पहिली मोड बायकोच्या पाटल्यांची."

मी वाचनालयात पंधरा दिवसांत जे शिकलो ते त्यांनी लसणाच्या तीन पाकळ्यांत सांगितले. आणि ते किती खरे होते हे पुढे, २०२५ मध्ये, चेल्सी क्लबाचा ताळेबंद प्रसिद्ध झाला तेव्हा मला कोल्हापुरात बसून कळले. चेल्सीने आपला बायकांचा संघ २०२४ च्या जूनअखेर आपल्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीला विकला होता. किंमत सुमारे वीस कोटी पौंड. त्यामुळे क्लबाच्या वहीत, जिथे तोटा दिसायचा, तिथे नफा झळकला. या खिशातून काढून त्या खिशात. पण मधल्या मधे शेरा चांगला! मी सौभाग्यवतींना बातमी वाचून दाखवली. "म्हणजे धंदा बसला तरी पाटल्या, आणि बरा चालला असं दाखवायचं तरी पाटल्याच," त्या म्हणाल्या. मला मात्र तिच्यात आणखी एक गोष्ट दिसली. कालपर्यंत जो संघ खर्चाच्या बाजूला लिहिला जात होता, त्याची किंमत वीस कोटी पौंड आहे असे मालक स्वतःच लिहून बसले होते.

आता दुसरी बाजू. आम्ही तिथे गेलो त्याच हंगामापासून वरच्या दोन्ही लीगांचा कारभार असोसिएशनकडून निघून एका स्वतंत्र कंपनीकडे आला होता. भागधारक कोण, तर त्यांत खेळणारे क्लबच. थोडक्यात, सुनेने वेगळी चूल मांडली. पहिला शिधा मात्र सासरहूनच आला: पुरुषांच्या प्रीमिअर लीगने दोन कोटी पौंड बिनव्याजी उसने दिले. वेगळी चूल मांडणाऱ्यांनी लाजू नये; आमचीही पहिली भांडी उसनीच होती. दूरदर्शनवर सामने दाखवण्याचे हक्क २०२१ पर्यंत बायकांचे म्हणून वेगळे विकलेच जात नव्हते. २०२५ पासूनच्या पाच वर्षांसाठी स्काय आणि बीबीसी यांनी त्यांचे साडेसहा कोटी पौंड देण्याचे ठरवले. त्याच हंगामापासून वरच्या लीगच्या खेळाडूंना किमान पगाराची हमी मिळाली. बाराचे चौदा संघ २०२६-२७ च्या हंगामापासून, असे ठरले. २०२५ मध्ये तर लंडन सिटी लायनेसेस नावाचा एक संघ वर चढला, ज्याच्यामागे पुरुषांचा क्लब नाहीच. मालक एक बाई आहे. आणि ज्या गुडिसन पार्कवर १९२० साली ते ५३ हजार लोक जमले होते, ते मैदान एव्हर्टनच्या पुरुषांनी नव्या जागी गेल्यावर २०२५ पासून त्यांच्या बायकांच्या संघाचे घर झाले.

पण घाईने टाळ्या वाजवू नयेत. एमिरेट्सवरची गर्दी सगळीकडे नसते. खुद्द चेल्सीच्या बायकांचे नेहमीचे मैदान पाच हजारही माणसे न मावणारे होते. पुरुषांचा क्लब पैसे घालतो म्हणून अनेकांचे चालते, आणि आम्ही गेलो त्याच उन्हाळ्यात रेडिंगच्या क्लबाने पैसे नाहीत म्हणून आपल्या मुलींचा संघ पाचव्या पायरीवर नेऊन ठेवला होता.

"आणि आपल्याकडे?" सौभाग्यवतींनी विचारले. आपल्याकडे इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ पासून आहे. बरीच वर्षे ती एखाद्या गावी सगळे संघ जमवून काही आठवड्यांत उरकली जाई, लग्नसराईसारखी. आपल्या गावी एक आणि परगावी एक अशी सामन्यांची खरी लीग झाली ती २०२३-२४ पासून. २०२० मध्ये ती बंगळूरला भरली, तेव्हा तिच्यात कोल्हापूरच्या नावाचा मुलींचा संघ खेळला होता. बावीस वर्षे कोल्हापुरात फुटबॉलची खजिनदारी केलेल्या माणसाला ही बातमी लंडनच्या वाचनालयात कळावी, याचे खापर मी कोणावर फोडू?

एका रविवारी दुपारी मी मुलीपुढे माझा कागद ठेवला. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. ती बराच वेळ वाचत होती. मग तिने विचारले, "म्हणजे अण्णा, टिकेल का?"

"तोटा आहे," मी म्हणालो. "बहुतेक क्लबांना आहे. पण तोटा आमच्या तालमीलाही होता, बावीसच्या बावीस वर्षे. पेठेत एकानेही मला कधी विचारलं नाही, की तालीम टिकेल का म्हणून. मुलगा बूट मागायला आला की आम्ही वर्गणीच्या पावत्या घेऊन बाहेर पडायचो."

ती काही बोलली नाही. कागदाची घडी घालीत तिने सहज विचारले, "सरावाला जाण्यायेण्याचं, किटचं धरून, परवडेल ना?"

परवडेल! हा शब्द तिच्या तोंडून यायला नको होता. १९८९ साली ती चौदा वर्षांची असताना खो-खोच्या शिबिरासाठी तिची निवड झाली होती. शिबिर पुण्याला, दहा दिवसांचे. फी आणि एस. टी. चे भाडे मिळून एकशे चाळीस रुपये. शाळेतली चिठ्ठी तिने माझ्या हातात दिली, आणि मी ती वाचून, घडी घालून परत दिली. "परवडत नाही," म्हणालो. वास्तविक मनात होते ते वेगळेच: परगाव, दहा रात्री, लोक काय म्हणतील. पण ते म्हणायचा धीर नव्हता. हिशेब पुढे केला. तिने चिठ्ठी दप्तरात ठेवली. पुढच्या वर्षी तिने खो-खो सोडला. आम्ही म्हणालो, बरे झाले, दहावीचे वर्ष आहे.

न केलेल्या खर्चाला वहीत जागा नसते, म्हणून ते एकशे चाळीस रुपये कुठेच लिहिलेले नाहीत. पण त्याच महिन्याच्या पानावर, चारच दिवसांनी, माझ्या अक्षरात एक ओळ आहे: 'तालमीस बुटांकरिता, स्वतःचे, रु. १५१.' दुसऱ्यांच्या मुलांच्या बुटांकरिता!

पस्तीस वर्षे ही ओळ मी कोणाला दाखवली नव्हती. त्या दुपारी सांगून टाकली. सांगताना माझे लक्ष खिडकीबाहेर होते. तिकडे पाऊस पडत होता, तसा तो तिथे पडतच असतो.

"मला ठाऊक आहे, अण्णा," मुलगी म्हणाली. "त्या महिन्याची बेरीज मीच तपासली होती. बरोबर होती."

आणि ती चहा ठेवायला उठली.

निवडचाचणीचे पुढे काय झाले असे वाचक विचारतील. सहा आठवड्यांनी नातीला 'पुढच्या वर्षी पुन्हा ये' असे सांगण्यात आले, आणि जावयांनी ते वाक्य माझ्यापेक्षा जास्त मनाला लावून घेतले. हल्ली तेच तिला पहाटे धावायला नेतात. पण त्या सहा आठवड्यांत, आमचा परतीचा दिवस येईपर्यंत, तिला सरावाला नेण्याआणण्याचे काम मी मागून घेतले होते. पहिल्या मंगळवारी आम्ही दोघे बसने गेलो. दिव्यांच्या उजेडात तीस-चाळीस मुली धावत होत्या, कुंपणाबाहेर आईबापांच्या छत्र्यांची रांग होती, आणि नात एकदा पाय घसरून अशी आपटली की मी छत्रीसकट आत धावलो. एका शिकवणाऱ्या बाईने मला अदबीने परत कुंपणाबाहेर नेऊन उभे केले.

घरी आल्यावर वही काढली. नातीच्या वयाला तिथे बसचे भाडे पडत नाही. माझे जातायेता मिळून साडेतीन पौंड झाले होते. ते लिहिले. मग ऑक्टोबरचे पान उघडे ठेवून वही मुलीच्या हातात दिली. काही न विचारता तिने चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि वरून बेरीज करायला सुरुवात केली.